नकोशीबाईंनी उचललेला भंडारा

नकोशीच्या डाव्या कानाला ऐकू येत नसे. जन्मापासून नव्हे. डाळजच्या शाळेत दुसरीत असताना पाढा चुकला म्हणून तिथल्या मास्तरांनी अशी चपराक ठेवून दिली, की कानातून रक्त गळ्यापर्यंत ओघळलं. रडत घरी गेली तर बापाने विचारलं, "काय केलं व्हतंस?" आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या कानाखाली वाजवली.

चौथी मुलगी म्हणून नाव नकोशी. बापाची मेंढरं होती. तो मेंढरांना काठी फार जपून लावायचा. एकदा आई धीर करून म्हणाली, "मेंढराला जपतासा तेवढं पोरीला तरी जपा की." तर म्हणाला, "मेंढरू गाभडलं, पोटातलं पडलं, तर नुसकान हाय. पोरगी काय गाभडती?" अशा घरात ती वाढली. मार खाणं म्हणजे तिला ऊन-वारा खाण्यासारखंच. त्यात तक्रार करण्यासारखं काही असतं हे तिला पुढे कळलं, तेही बारामतीला.

लग्न होऊन ती कळंबजवळच्या वस्तीवर आली. नवरा म्हस्कू उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. माणूस साधा, थट्टेखोर. बायको मॅट्रिक झालेली याचा त्यालाच जास्त अभिमान. वस्तीवर एका संस्थेची शाळा होती, तिथे लहान मुलांना सांभाळायला तिला घेतलं. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार. संस्थेच्या कुणाच्या तरी मनात आलं, की आपल्याकडेही मॉन्टेसरी पद्धत आणावी, आणि नकोशीला बारामतीला शिकायला पाठवलं.

पहिल्याच दिवशी ती तिथल्या वर्गाच्या दारात उभी राहून घाबरली. एवढीएवढीशी पोरं, कुणी तांब्यातून पाणी ओततंय, कुणी खऱ्या सुरीने काकडी चिरतंय, कुणी सदऱ्याची बटणं लावतंय आणि काढतंय. ओरडणं नाही, रडणं नाही. तिने शिकवणाऱ्या बाईंना हळूच विचारलं, "ही पोरं आजारी हायत का वं?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "नाही. कामात आहेत."

मग त्यांनी नकोशीचेच डोळे रुमालाने बांधले आणि पिशवीत हात घालायला सांगितलं. ओळखा, म्हणाल्या. लोकर, शिंपला, लोखंडी खिळा, चिंचोका. नकोशीने एकेक हातात घेतलं आणि नाव सांगितलं. लोकरीपाशी आली तेव्हा थांबली. कुणीतरी आपल्याला काही विचारतंय आणि चुकलो तरी मारणार नाही, हे तिच्या त्या क्षणी ध्यानात आलं. रुमाल भिजला. बाईंनी तो सोडला नाही. पुरतं रडू दिलं.

परत आली ती एकच गोष्ट मनाशी पक्की करून. आपल्या वर्गात मूल हाताने शिकेल आणि त्याच्या अंगावर कुणाचा हात पडणार नाही.

वस्तीवरचे सुतार इमामभाई. त्यांच्याकडून तिने लहान-मोठे ठोकळे करून घेतले, एकावर एक रचले की मनोरा व्हावा असे. इमामभाई म्हणाले, "बाई, ह्याचं गिऱ्हाईक कोण? बारकी पोरंच ना? मग कोपरं मारून देतो. टोचाया नकोत." फाटक्या घोंगड्यांचे तुकडे करून प्रत्येक मुलाला बसायला आपापली जागा केली. उडीद आणि तांदूळ मिसळून वाटीत ठेवायचे, पोरांनी चिमटीने वेगळे करायचे, म्हणजे पुढे पेन्सिल धरायची बोटं तयार होतात. लिंबू चिरायचं, पिळायचं, सरबत करून एकमेकांना द्यायचं.

मुख्याध्यापक होते सर्जेराव गुरुजी. त्यांची निरगुडीची छडी तेल पाजून काळी झालेली. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या हाताखालची पोरं कारखान्यात, कचेरीत चिकटली होती, आणि ती गावी आली की गुरुजींच्या पाया पडून वळ दाखवत, "गुरुजी, हा तुमचा परसाद." आईबाप पोराला शाळेत घालताना म्हणत, "हाडं आमची, कातडं तुमचं." गुरुजी ते शब्दशः घेत.

एके दिवशी गुरुजी नकोशीच्या वर्गात डोकावले. शंभूराज नावाचा मुलगा पालथा पडून ठोकळे रचत होता, जीभ बाहेर, सगळं लक्ष मनोऱ्यात. गुरुजींनी काही विचारलं नाही. छडी उठली आणि पाठीवर बसली. पोर कळवळून लोळलं, मनोरा पसरला. दुसरी छडी उठली तेव्हा नकोशी मध्ये गेली. ती तिच्या मनगटावर बसली, बांगड्या फुटल्या, काचा रुतल्या.

"मधी येऊ नका बाई," गुरुजी म्हणाले. "शाळेत लोळाया लागलं तर पोरगं उद्या संसारात लोळंल."

"लोळत न्हवतं गुरुजी. कामात व्हतं."

"काम! आन तुमचं काम काय? लाकडं मोजायचं?"

नकोशीला वाटलं होतं, आया तरी आपल्या बाजूने बोलतील. पण दुसऱ्या दिवशी भिमा आली, सावळारामची बायको. तिची वैष्णवी याच वर्गात होती. भिमाचा एक डोळा काळानिळा होता. तो का, हे वस्तीवर कुणाला विचारायची गरज नव्हती. सावळाराम बागायतदार, ताकदीचा आणि तापट. भिमाने पोरीला पुढे ओढलं आणि सगळ्यांदेखत तिच्या पाठीत धपाटा घातला.

"मारा की बाई हिला! घरात जुमानत न्हाय. म्हनती, आमच्या बाई मारीत न्हाईत. परक्याच्या पोराला कुनी मारत नस्तं. तुमाला हिची मायाच न्हाय म्हनायची!"

नकोशीने वैष्णवीला तिच्या घोंगडीवर नेऊन बसवलं. पण भिमा खोटं बोलत नव्हती. वस्तीवर माया अशीच मोजली जायची. संध्याकाळी म्हस्कूने मनगटात राहिलेल्या काचा काढताना विचारलं, "मला एखादी ठेवून दे म्हनलं तर देशील. पोरांनाच कसं काय न्हाय जमत?"

"तुमी काय शिकनार हाय आता? तुमच्यावर वाया कशाला घालवू?" ती म्हणाली, आणि दोघंही हसली. तेवढंच हसणं त्या पावसाळ्यातलं.

आषाढी अमावस्या आली. दिव्यांची आवस. नकोशीने पहाटे घरातले दिवे घासले, पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, आणि बोटांना कुंकू तसंच घेऊन शाळेत गेली. त्या दिवशी तिने वर्गात लिंबं ठेवली होती. उडीद-तांदूळ होते. आणि बारामतीची ती पिशवीही, डोळे बांधून ओळखायची. वैष्णवीची पाळी होती. पोरीने डोळे बांधून सगळं बरोबर सांगितलं, मग लिंबू चिरलं. नकोशीने ते धरून दाखवलं तेव्हा तिच्या बोटांचं कुंकू लिंबाला लागलं.

आता बघा, ही बाई त्याच मातीतली. धनगराच्या घरची. आवस म्हणजे काय, कुंकवाचं लिंबू म्हणजे काय, काळे उडीद आणि बांधलेले डोळे कशासाठी असतात, हे तिला दुसऱ्याने सांगायला हवं होतं का? पण चांगल्या कामात असलं की माणसाला आपलंच घर परकं होतं. तिला ते सुचलंच नाही. देवाची पूजा करून आलेली बाई, तिच्या मनात वाईट नव्हतं, म्हणून दुसऱ्याच्या मनात येईल असं तिला वाटलं नाही.

त्या संध्याकाळी वैष्णवीला ताप भरला. अंग फणफणलं, दातखीळ बसली, डोळे पांढरे झाले. सावळारामने जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेलाय, काही सांगता येत नाही. इकडे घरी आजीने शेजारच्या पोरांना जवळ बसवून विचारलं, "शाळंत काय केलं वैष्णीनं?" पोरं खोटं कशाला बोलतील?

"बाईनं डोळं बांधलं."

"लिंबू कापाया दिलं. त्याला कुंकू व्हतं."

"काळं उडीद निवडलं."

आजीने कपाळावर हात मारून घेतला. सकाळपर्यंत गोष्ट साऱ्या वस्तीवर झाली. बाईला मूलबाळ नाही, दुसऱ्याची लेकरं का आवडतात हिला, असं कुणी म्हणालं. बारामतीला शिकायला गेली ते हेच, असं दुसरं कुणी म्हणालं.

सावळाराम दवाखान्यातून थेट शाळेत आला. डोळे जागरणाने लाल, अंगावर कालचेच कपडे. बरोबर भावकीतली माणसं आणि बाया. हातात कुऱ्हाड.

पहिला घाव त्याने मनोऱ्यावर घातला. ठोकळे चिरफाळून उडाले. पोरं किंचाळत कोपऱ्यात गोळा झाली. घोंगड्यांचे तुकडे अंगणात फेकले गेले, वाट्या पायाखाली आल्या, उडदाचा सडा झाला. नकोशी पोरांच्या पुढे हात पसरून उभी राहिली, तर एका बाईने तिची वेणी धरून खाली ओढलं. मग लाथा. कुणाच्या कुठून येतात हे कळेना. भिमाच्या चुलतसासूने तोंडावर चप्पल मारली. ओठ फाटला.

"बोल, काय केलंस माझ्या पोरीला? उतार पयला!"

"सावळारामा, काय न्हाय केलं रं. पोरीची आन घेती."

"पोरीचं नाव घिऊ नगं!" म्हणून त्याने अशी थोबाडीत दिली, की ती भिंतीवर आपटली.

आरडाओरडा ऐकून सर्जेराव गुरुजी ओसरीत आले. नकोशीने त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजींनी नजर अंगणातल्या घोंगड्यांकडे वळवली. मग म्हणाले, "शाळेत नको. बाहेर न्या."

तिला बिरोबाच्या देवळाकडे नेली. म्हणजे ओढत नेली. लुगडं रस्त्यावरच्या खडीवर फाटत गेलं, गुडघे सोलपटले. म्हस्कू ऊस लावणीला दूर गेला होता. वाटेत इमामभाई आडवे आले, "अरं, लाकडं मी करून दिलीत, मला मारा की!" तर दोघांनी त्यांना ढकलून गटारात पाडलं.

देवळात गेणूतात्या पुजारी होते. थकलेले, पण देवापुढे कडक. सावळाराम म्हणाला, "तात्या, भंडारा काढा. हिला उचलाया लावा."

भंडारा म्हणजे देवापुढची हळद. ती मुठीत घेऊन जो बोलेल ते देवाच्या कानावर गेलं. खोटं बोलला तर त्याच्या घरात दिवा लावायला कोणी राहत नाही, आणि शब्द देऊन मोडला तरी तेच. कोर्टातली शपथ मोडणारी माणसं वस्तीवर होती; भंडारा उचलून मोडणारं एकही नव्हतं.

तात्यांनी ताट पुढे केलं. नकोशीला उलट बरंच वाटलं. ती देवाला भिणारी होती, आणि तिचं मन स्वच्छ होतं. पण सावळाराम म्हणाला, "दोन बोल बोलायचं. करनी केली न्हाय, हा एक. आन आजपासनं हे बारामतीचं सोंग बंद, पोरांच्या हाती काय देणार न्हाय, छडी घिऊन शिकवीन, हा दुसरा. दोनी बोललीस तर सोडतो."

सगळे थांबले. मार थांबला, म्हणून तिला आपला श्वास ऐकू आला. दोन वाक्यं बोलायची आणि घरी जायचं. ओठ सुजलाय, गुडघ्यातून रक्त वाहतंय, म्हस्कू येऊन हळद लावेल. पण भंडारा उचलून बोललेलं तिला स्वतःलाच मोडता येणार नव्हतं. गुरुजींचं, संस्थेचं, सावळारामचं, कुणाचंही मन उद्या फिरलं असतं. तिच्या तोंडचा बोल फिरला नसता. वर्ग कायमचा गेला असता, आणि तोही तिच्या हाताने.

तिने मूठभर हळद उचलली. मूठ देवासमोर धरली.

"बिरोबा, ऐक. मी करनी केली न्हाय. आन ह्या हातानं मी कुठल्या पोराला मारनार न्हाय, आन माझ्या वर्गात पोरांवर कुनाला हात उचलू देनार न्हाय."

कुणाला आधी उमगलंच नाही. मग सावळारामला उमगलं. "तुला दुसरं सांगितलं व्हतं!" तो ओरडला, आणि कुऱ्हाडीचा दांडा सगळ्या ताकदीने तिच्या त्याच हातावर हाणला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हळद उडाली. सावळारामच्या सदऱ्यावर, तात्यांच्या पागोट्यावर, देवाच्या पायरीवर पसरली. नकोशी तिथेच बसली, पण मूठ उघडली नाही.

आणि गेणूतात्या, जे इतका वेळ ताट धरून उभे होते, ते ओरडले, "अरं ए चांडाळा! भंडारा व्हता की रं त्या मुठीत! देवाच्या अंगावर दांडा घातलास तू!"

लोक मागे सरले. ज्या बाईने वेणी ओढली होती तिने कानाची पाळी धरली आणि जमिनीला डोकं टेकलं. सावळारामने सदऱ्यावरची हळद पाहिली, झटकायला हात नेला आणि झटकायचा धीर झाला नाही. तसाच तो देवळाबाहेर पडला.

म्हस्कूने तिला इंदापूरला नेऊन हात प्लास्टरमध्ये घालून आणला. तो पोलिसात जाणार म्हणून हटून बसला होता. त्याच्या डोळ्यांत त्या दिवसांत थट्टा नव्हती. कोयता धार लावून उशाशी ठेवायचा. नकोशी म्हणाली, "कोयता आन पोलीस, दोनी ठेवा बाजूला. त्याच्याच पोरीला माझ्याकडं बसायचंय."

"पोरगी जगली तर."

वैष्णवी जगली. पण घरी आली ती उजव्या अंगाने लुळी पडून. कुणी म्हणालं, बघा, बाई खरी होती म्हणून पोर वाचली. कुणी म्हणालं, बापाने बाईचा हात मोडला म्हणून देवाने पोरीचा घेतला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? देव लेकराच्या हातावर बापाचा सूड उगवत नाही, एवढं आपल्याला कळतं, बाकी त्याचं त्याला.

वर्गाचं काय करायचं याची बैठक झाली. संस्थेचे माणूस आले होते, भांडणाला भ्यालेले. ते म्हणाले, "बाई राहू देत, पण पूर्वीसारखं शिकवा. छडी-बिडी असू दे." त्यावर सर्जेराव गुरुजीच चटकन बोलले, "भंडारा उचललेल्या हातात छडी मी द्यायची? आणि माझं घर उठलं म्हणजे? तुमी द्या की, तुमच्या हातानं." संस्थेच्या माणसांनी आपले कागद पिशवीत भरले.

असा तो वर्ग राहिला. पोरं हाताने शिकतात, ते छान शिकतात, हे कुणाला पटलं म्हणून नव्हे. देवाशी वाकडं नको म्हणून. इमामभाईंनी नवे ठोकळे करून दिले. नकोशीचं मनगट वाकडंच जुळलं, बोटं पुरती उघडत नसत. अमावस्येला ती वर्गात आता फक्त गोष्टी सांगायची.

पोरांना मात्र एक गोष्ट मोठ्यांच्या आधी कळली. त्या उंबऱ्याच्या आत कुणी मारत नाही. गुरुजी एकदा यशराज नावाच्या पोराच्या मागे छडी घेऊन धावले, पोरगं नकोशीच्या वर्गात शिरलं, आणि गुरुजी उंबऱ्याशी गचकन थांबले, पुढे विस्तव असावा तसे. हे साऱ्या शाळेने पाहिलं. मग काय विचारता! घरी मार बसायची वेळ आली की पोरं शाळेकडे पळायची, रविवारी कुलूप असलं तरी दाराला पाठ लावून बसायची. बाप काठी घेऊन यायचे, लांब उभे राहायचे, शिव्या घालायचे आणि परत जायचे. शिव्यांचं काही ठरलं नव्हतं.

वैष्णवीला भिमा कडेवर आणून सोडायची. पोर डाव्या हाताने बटणं लावायला शिकत होती. सावळाराम शाळेकडे फिरकत नसे. माफी मागणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि नकोशीने तिची वाटही पाहिली नाही.

एका दुपारी बाहेर आरोळी उठली. भिमा धावत आली, केस सुटलेले, कपाळातून रक्त डोळ्यात उतरलेलं. उंबरा ओलांडून ती पोरांच्या मधोमध घोंगडीच्या तुकड्यावर बसली आणि डोकं गुडघ्यात घातलं. मागून सावळाराम, हातात बैलाची चामड्याची वादी.

तो उंबऱ्याशी थांबला. धापा टाकत म्हणाला, "भाईर ये."

भिमा हलली नाही.

"बाई, हिला भाईर काढा. तुमी पोरांचं बोलला व्हता. बायकूचं न्हाय. मी समदं ऐकलंय, मी तितंच व्हतो."

पोरं एकदा त्याच्याकडे, एकदा बाईंकडे बघत होती. वैष्णवी आईला चिकटली होती. नकोशीने क्षणभर विचार केला. माणूस म्हणत होता ते खरंच होतं. देवापुढे बोललेलं कमी नाही आणि जास्तही नाही.

"खरं हाय तुझं," ती म्हणाली. "पोरांचंच बोलले व्हते." आणि पदर खोचून उठली. "चल."

"कुठं?"

"देवळात. ऱ्हायलेलं बोलून येती. दांडा आनायचा आसंल तर आन संगं. दुसरा हात हाय अजून."

ती पायऱ्या उतरली आणि त्याच्या अंगाजवळून चालत गेली. सावळारामने वादी उचलली नाही. मागून भिमा उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि निघाली. ओसरीतून गुरुजी बघत होते. त्यांनी आपल्या वर्गाची पोरं आत बसवून ठेवली. सावळाराम अंतर राखून मागे मागे आला.

गेणूतात्या गाभाऱ्यात दिव्याची वात सारत होते. तिघांना पाहून ते उठले. भंडाऱ्याचं ताट घेतलं आणि पुढे केलं. नकोशीने वाकडा हात लांबवला.

भिमाने तो धरून बाजूला केला.

"तुमी नगा, बाई," ती म्हणाली. "माजं मी उचलती."

पोरीला तिने नकोशीकडे दिलं. कपाळाचं आणि हाताचं रक्त पदराने पुसलं, मूठ ओली राहू नये म्हणून, आणि हळदीत हात घातला. सावळाराम देवळाच्या दारात उभा होता. ती त्याच्याकडे वळली नाही, देवाकडे बघून बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"बिरोबा, आजपासनं ह्याचा मार मी खानार न्हाय. हात उचलला त्या दिशी पोरीला घिऊन घर सोडीन, आन परत वळनार न्हाय. ऐकलंस न्हवं?"

मग मात्र ती दाराकडे वळली.

"आन तुमी? ऐकलंत न्हवं?"

सावळारामने हातातली वादी गुंडाळायला घेतली. बराच वेळ गुंडाळत राहिला.